‘लॅपटॉप लावा, तीस टक्के ताकद घ्या’: साताऱ्यात फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

साताऱ्यातल्या गाडीवेड्या पोरांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज धावतोय. सार असं: कंपनी इंजिनाची ताकद मुद्दाम दाबून ठेवते. ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, रिमॅप करा, म्हणजे लॅपटॉप लावून त्यातली फाईल बदला; जाड एक्झॉस्ट आणि शंकूच्या आकाराचा एअर फिल्टर, म्हणजे कोन फिल्टर, बसवा, १०० ऑक्टेनचं पेट्रोल टाका. कुठलीही गाडी ३० टक्के जास्त ताकद देते, वर मायलेज वाढतं, इंजिनाला काही होत नाही आणि आरटीओला पत्ताही लागत नाही. यातलं एक वाक्य अर्धं खरं आहे. सुरुवात त्याच्यापासूनच करू.

‘कंपनी ताकद दाबून ठेवते.’ ठेवते खरी. फोक्सवॅगनचं एक लिटरचं टीएसआय इंजिन पोलोत ११० पीएस (अश्वशक्ती) द्यायचं, व्हर्टसमध्ये ११५ देतं. टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, किती दाब देणार, ठिणगी किती आधी पडणार, इंधन किती सुटणार, हे ईसीयूतले तक्ते ठरवतात आणि त्यांत काही शिल्लक मागे ठेवलेली असते. पण ती कोणासाठी? तीच गाडी नागपूरच्या मे महिन्यात एसी लावून चालायची असते. आडरस्त्यावरच्या पंपाचं पेट्रोल पचवायचं असतं, बीएस ६ ची प्रदूषणाची मर्यादा पाळायची असते, आणि दोन-दोन वर्षं एअर फिल्टर न बदलणाऱ्या मालकाच्या हातात वॉरंटी संपेपर्यंत टिकायचं असतं. रिमॅप ही शिल्लक मोडतो. मोडू नये असं मी म्हणत नाही. पण फुकट मिळाली असं सांगू नका.

‘कुठलीही गाडी, ३० टक्के.’ साफ खोटं. २०२४ च्या आधीच्या स्विफ्टचं १.२ लिटरचं बिनटर्बो इंजिन ११३ न्यूटन मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) देतं. जास्त ताकदीला जास्त हवा लागते, आणि लॅपटॉप हवा भरत नाही. असल्या इंजिनाला रिमॅपनं बोटांवर मोजण्याइतके पीएस मिळतात. बाकी जो फरक वाटतो तो बहुतेक वेळा अॅक्सिलरेटर तिखट केल्याचा असतो: पाय थोडा दाबला की थ्रॉटल जास्त उघडतो, म्हणून गाडी पळाल्यासारखी वाटते. साताऱ्याची उंची सातशे मीटरच्या आसपास, कास पठाराची बाराशेच्या. तेवढ्या चढात हवेचा दाब पाचएक टक्के उतरतो. म्हणजे स्विफ्टवाल्यानं पैसे मोजून जे कमावलं, ते कासला पोचेपर्यंत डोंगरानं वसूल केलेलं असतं.

टर्बो गाडीत २०-२५ टक्के निघतात, हे मान्य. पण मग इंजिनाच्या मागचं काय? व्हर्टस, स्लाव्हिया यांच्या १.५ टीएसआयचा टॉर्क मुळातच २५० न्यूटन मीटर. त्यामागे जो सात गिअरचा डीएसजी हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स येतो, ड्राय क्लचचा डीक्यू २००, त्याची मर्यादाही २५० च. कंपनीनं तिथे काही शिल्लक ठेवलेलीच नाही. रिमॅपनंतरचा प्रत्येक न्यूटन मीटर त्या क्लचच्या डोक्यावर बसतो. मॅन्युअल डिझेलवाल्यांना हे लवकर समजतं: यवतेश्वरच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की आरपीएमचा काटा वर जातो, स्पीडोचा जागेवर राहतो, कारण क्लच घसरतो, आणि करपलेला वास आत येतो.

‘१०० ऑक्टेन टाका, ताकद वाढते.’ ऑक्टेन म्हणजे पेट्रोलमधली ऊर्जा नव्हे. दाब आणि उष्णता वाढली तरी वेळेआधी न पेटण्याची क्षमता. इंडियन ऑइलनं २०२० च्या डिसेंबरात एक्सपी १०० बाजारात आणलं तेव्हापासून हा घोळ चालू आहे. इंजिनाला ठिणगी आधी पाडून त्याचा फायदा घेता येत असेल तरच त्याचा उपयोग. नाहीतर ते महागडं पेट्रोल आहे, बस. उलट बाजू जास्त महत्त्वाची: १०० ऑक्टेन धरून बनवलेली फाईल टाकायची आणि टाकी मात्र साध्या पेट्रोलनं भरायची, हा सरळ इंजिनाला सुरुंग आहे. त्यात आता ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉलचं ऑक्टेन चांगलं, पण लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण तिसऱ्या हिश्श्यानं कमी. म्हणून तेवढ्याच हवेला इंधन जास्त सोडावं लागतं. ईसीयू भरपाई करतो, तीही एका मर्यादेतच. परदेशातल्या पेट्रोलवर बनलेली तयार फाईल इथे जशीच्या तशी ओतणाऱ्याला हे विचारून बघा, चेहरा बघण्यासारखा होतो.

आता ‘इंजिनाला काही होत नाही’. इथे जरा थांबावं लागेल.

ठिणगीनं पेटलेली ज्योत पसरत असतानाच कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण आपोआप भडकलं, की नॉकिंग. पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो, खिडक्या बंद असल्या तर तोही येत नाही. नॉक सेन्सर ऐकतो आणि ईसीयू ठिणगी काही अंश मागे घेतो. फाईल आधीच काठावर असेल तर घाटात तो सारखा मागेच घेत राहतो. टर्बोची हवा थंड करणारा इंटरकूलर तापलेला, आत येणारी हवा गरम, आणि कागदावरच्या ३० टक्क्यांतले अर्धे तिसऱ्या वळणावर गायब.

त्याहून वाईट प्रकार छोट्या डायरेक्ट इंजेक्शन (थेट सिलिंडरमध्ये इंधन सोडणाऱ्या) टर्बोंमध्ये होतो: कमी आरपीएम, जास्त भार. कासला जाताना मायलेज वाचवायला लोक चौथ्या गिअरमध्ये १५०० आरपीएमवर अॅक्सिलरेटर तळाला दाबतात. या अवस्थेत तेलाचा थेंब किंवा काजळीचा कण ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवू शकतो. अशा एकाच दणक्यात पिस्टनची रिंग बसते ती कडा तुटू शकते. आणि ‘खालून पिकअप पाहिजे’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला खूश करायला ट्यूनर दाब वाढवतो तो नेमका इथेच. इंजिन ऑइलचाही संबंध आहे. त्यातली कॅल्शियमयुक्त डिटर्जंटं हा प्रकार वाढवतात, म्हणून २०२० मध्ये आलेल्या एपीआय एसपी या ऑइलच्या दर्जात त्याविरुद्धची चाचणी आहे. रिमॅपवर हजारो रुपये घालून ऑइल मात्र ‘जे असेल ते टाक’ म्हणणारे महाभाग मी पाहिलेत.

म्हणून ट्यूनरकडे डायनोचा, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्राचा, रंगीत आलेख मागू नका; लॉग, म्हणजे गाडी चालतानाची ईसीयूची नोंद, मागा. कोणत्या सिलिंडरची ठिणगी किती अंश मागे गेली, आत येणाऱ्या हवेचं तापमान किती, मिश्रण किती. पेट्रोलला हवा आणि इंधनाचं आदर्श प्रमाण १४.७ ला १, पण पूर्ण भाराला टर्बो इंजिन त्याहून श्रीमंत मिश्रणावर चालवतात, कारण जादा इंधन आतली उष्णता खातं. डायनोचा आकडा चाकावरचा की क्रँकवरचा (म्हणजे थेट इंजिनाचा, वाटेतली गळती न धरता) हेही विचारा. ‘आधी’ चाकावरचा आणि ‘नंतर’ क्रँकवरचा दाखवला की १५ टक्के बसल्या जागी वाढतात.

एक्झॉस्टचं लवकर आटपतो. पोवई नाक्याच्या ग्रेड सेपरेटरमध्ये शिरून पाय दाबला की आवाज भिंतींवर आपटून दुप्पट होतो; ताकद होत नाही. टर्बोला मोकळा मार्ग आवडतो हे खरं, पण बिनटर्बोला गरजेपेक्षा जाड पाइप लावला तर वायूचा वेग पडतो आणि खालचा टॉर्क जातो. धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढलात तर पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन बोलतात. कोन फिल्टर बॉनेटखाली उघडा ठेवला तर तो इंजिनाचीच गरम हवा ओढतो, आणि हवा १० अंशांनी तापली की घनता साधारण ३ टक्क्यांनी घटते. म्हणजे पैसे देऊन ताकद कमी केली.

‘मायलेजही वाढतं.’ २० किलोवॅट म्हणजे सुमारे २७ पीएस जादा हवेत, तर पूर्ण भाराला तासाला साधारण ६ किलो, म्हणजे आठएक लिटर पेट्रोल जादा जाळावं लागतं. ताकद वापरलीच नाही तर मायलेज टिकेल. पण वापरायची नव्हती तर घेतली कशाला?

‘आरटीओला कळत नाही.’ मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार वाहनात मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलं. कलम १८२-अ प्रमाणे मालकाला बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. नाक्यावरच्या पोलिसाला फाईल दिसत नाही, कबूल. पण अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेयर येतो, वॉरंटीसाठी सर्व्हिस सेंटर मशीन जोडतं. आणि मूळ फाईल परत टाकून ठेवली तरी किती वेळा लिहिलं गेलं याचा आकडा बऱ्याच ईसीयूत तसाच राहतो.