अ‍ॅडमिशनवाले सर

पंचांगात चैत्र-वैशाख हे वसंताचे महिने. कवींना या दिवसांत कोकिळा ऐकू येते, मला "सर, आमच्या पोरीचं काय झालं?" ऐकू येतं. २०२५ साली दहावीचा निकाल लागला १३ मेला, बुद्धपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे ऐन वैशाखात. लगेच प्राचार्यांनी मला बोलावून अकरावी प्रवेश समितीचा प्रमुख केलं. कारण विचाराल तर मी भूगोल शिकवतो. भूगोलाच्या माणसाला सुट्टीत काय काम असणार, असं आमच्या सायन्सवाल्यांचं पूर्वीपासूनचं मत आहे.

आमचं गाव तालुक्याचं. मुंबईत २००९ पासून अकरावीचे प्रवेश ऑनलाइन, नंतर पुणे, नागपूर वगैरे. आमच्याकडे त्या गोंधळाच्या फक्त बातम्या यायच्या आणि आम्ही चहा पीत त्या मजेने वाचायचो. इथे प्रवेश म्हणजे कागद, फी, पावती. तर २०२५ला सरकारने अख्खं राज्य एकदम ऑनलाइन केलं. ९,४०० च्या वर कॉलेजं, २१ लाखांहून जास्त जागा, सगळं एकाच संकेतस्थळावर. २१ मेला ते उघडलं आणि उघडल्या उघडल्या बसलं. पुन्हा सुरू झालं २६ला. मधल्या दिवसांत आमच्या व्हरांड्यात जमलेल्या पालकांची ठाम समजूत होती की ते मीच बंद करून ठेवलंय. "सर, चालू करा की, लांबनं आलोय."

आता माझे अधिकार सांगतो. विद्यार्थी दहापर्यंत पसंत्या भरणार, संगणक गुणांनुसार जागा वाटणार, आणि यादीत नाव आलं की मी कागद तपासून एक बटण दाबणार. संपले अधिकार. व्यवस्थापन कोट्याच्या ५ टक्के जागा आहेत, पण त्या संस्थेच्या हातात. तिथे मला खुर्चीसुद्धा नसते. हे कुणालाही पटत नाही. मी जितकं कळवळून सांगावं की सगळं संगणक ठरवतो, तितका समोरच्याचा आवाज खाली येतो. "ते खरंय सर. पण तरी... असेलच की काहीतरी." एकाने तर संगणकाकडे बघून मला विचारलं, "ह्यांचं काय असतं साधारण?"

घरीही तेच. बायकोने तिच्या माहेरी सांगून ठेवलंय, "ह्यांच्याच हातात असतं सगळं." त्यामुळे मामेसासऱ्यांच्या व्याह्यांपर्यंत झाडून सगळ्यांना माझी तब्येत आठवते. साखर किती आहे इथून सुरू झालेला फोन सायन्सच्या अनुदानित तुकडीवर येऊन थांबतो. पोराला ९१ टक्के पडलेले असतात आणि आवाज मात्र सुतकातला. त्यांचाही इलाज नाही म्हणा. त्या वर्षी राज्यात २११ मुलांना १०० टक्के पडले, त्यातले ११३ एकट्या लातूर विभागातले. पाच उत्तम विषय धरायचे, वर चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांचे नाहीतर खेळाचे गुण चढवायचे. एवढ्या भरतीत ९१वाला पाण्याखालीच जाणार.

फॉर्म भरण्याचं काम गावाने नेट कॅफेवाल्यावर सोपवलेलं. त्याने पालकांच्या मोबाईलला रेंज नसते म्हणून प्रत्येक फॉर्मला आपल्या घरातल्या एकेकाचा नंबर लावून टाकला. एक मुलगी पासवर्ड विसरली. नवा हवा तर ओटीपी, आणि तो गेला कॅफेवाल्याच्या सासूच्या मोबाईलवर. कॅफेवाला आणि सासू दोघंही वऱ्हाडात, कॅफेला कुलूप. मुलीच्या वडिलांनी माझ्याच टेबलावरून फोन लावला आणि माझ्या हातात दिला. मागे बँड जोरात.

"मावशी, मेसेजमध्ये सहा आकडे आलेत बघा. तेवढे वाचून दाखवा."

"कोण बोलतंय?"

"कॉलेजातनं. अ‍ॅडमिशनचे सर."

"बँकवाल्यांनी सांगितलंय, आकडे कुणालाबी द्यायचे न्हाईत."

"अहो, पण मी बँकेचा नाहीच आहे!"

"त्येच म्हणते मी. बँकेला देत न्हाई, तर तुम्ही कोण?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अक्षता पडल्यावर जावयाने मध्यस्थी केली, तोवर ओटीपीची मुदत संपली होती. नवा मागवला, तेव्हा सासूबाई पंगतीला बसल्या होत्या आणि मोबाईल पिशवीत होता.

पसंतीक्रमाचं तर विचारूच नका. एका गृहस्थांनी सगळ्यात चांगलं कॉलेज दहाव्या नंबरला घातलं होतं आणि पहिल्या नंबरला कुठलं तरी आडगावचं. म्हणे शेवट गोड व्हावा. पहिल्या फेरीत अर्थातच पहिलं मिळालं, आणि नियम असा की पहिल्या पसंतीचं मिळालं तर घ्यायचंच, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांना मुकायचं. "पसंती भरली म्हणजे पसंत आहे असं थोडंच असतं?" असं ते मला विचारत होते. विवाह मंडळात चालून जाईल असा मुद्दा. मुलगा मागे उभा राहून बुटाने फरशी घासत होता. फॉर्म त्याला कुणी दाखवलाच नव्हता.

पहिली यादी लागता लागता जून सरत आला. पावसाळा सुरू, व्हरांडा गळका, आणि आता खरे कागद. दाखल्यावर आरती एका 'ए'ची, गुणपत्रिकेवर दोन 'ए'ची. नॉन क्रीमीलेयर 'सेतूत टाकलंय'. सगळ्यांत कमाल एका आजोबांची. नातवाचा मूळ शाळा सोडल्याचा दाखला त्यांनी पिशवीतून काढला तो लॅमिनेट केलेला, चारी कडा गोल कापून. पावसात भिजू नये म्हणून! आम्हाला त्यावर शेरा मारायचा असतो. बॉलपेन घसरला. शिक्का मारला तर शाई थेंबाथेंबाने गोळा होऊन आजोबांच्या धोतरावर उतरली. हेडक्लार्कबाईंनी ब्लेड घेतलं, तेव्हा आजोबा टेबलावर आडवेच झाले. "बाई, चाळीस रुपये दिलेत त्येला!" शेवटी शेरा मागच्या बाजूला चिकटवलेल्या कागदावर गेला. नियमात बसतं का ते मी शोधलेलं नाही.

फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या, वर्ग सुरू व्हायला ऑगस्ट उजाडला. ज्या गृहस्थांनी सायन्सच्या जागेसाठी माझ्या घरचे, सासरचे आणि बहुधा दूधवाल्याचेही नंबर मिळवले होते, त्यांच्या मुलाचा प्रवेश तिसऱ्या फेरीत झाला. संगणकाने दिला, मी बटण दाबलं. दुसऱ्या दिवशी ते पेढे घेऊन आले, पाया पडायला वाकले, मी मागे सरलो. दार लोटून घेतलं आणि खुर्ची पुढे ओढून म्हणाले,

"सर, आता एकच करा. पोरगं लातूरला क्लासला चाललंय दोन वर्षं. हजेरीचं तेवढं बघा."

हजेरीपट माझ्यासमोरच पडला होता. अख्ख्या वैशाखापासून पहिल्यांदाच कुणीतरी खरोखर माझ्या हातात असलेली गोष्ट मागत होतं.

"तसं नसतं हो," मी म्हणालो.

त्यांनी आवाज खाली आणला. "ते खरंय सर. पण तरी..."