खणाचं जॅकेट

"रुखवतातून उठून आलास का रे?"

हा प्रश्न गेल्या रविवारी पुण्यातल्या एका मंगल कार्यालयात, हातात मठ्ठ्याचा ग्लास असताना मला विचारला गेला. माझं वय एकोणपन्नास. विचारणाऱ्या आजींची आणि माझी ओळख नाही. नऊवारी, कानात यंत्र, मांडीवर अहेराची पिशवी. माझ्या अंगावर खणाचं जॅकेट होतं. गडद जांभळं, हिरव्या झाकेचं, लाल काठाचं. ते घालून मी त्या दिवशी घरातून कलावंत म्हणून निघालो होतो.

खोड माझीच. कुठल्याशा रात्री झोप येत नव्हती म्हणून मोबाइल चाळताना इव्ह सँ लोराँ या फ्रेंच फॅशन डिझायनरचे ते १९६५ चे झगे दिसले. पीट मोंद्रियानच्या चित्रातले लाल, निळे, पिवळे चौकोन आणि काळ्या रेघा जशाच्या तशा अंगावर. गंमत म्हणजे ते छापलेले नव्हते. प्रत्येक रंगाचा तुकडा वेगळा कापून जोडलेला, आणि फिटिंगच्या शिवणी त्या जोडांतच लपवलेल्या. मी उठून बसलो. माणसाने चित्र भिंतीवर कशाला टांगायचं, अंगावर वागवावं! बायकोला उठवून दाखवलं. तिने एक डोळा उघडला आणि म्हणाली, "आपल्या मोरीच्या टाइल्स." आणि झोपली.

मोंद्रियान आपला नाही, पण खण आपला आहे, असा विचार करून मी गुळेदगुड्डचा हातमागाचा खण मिळवला. (गाव कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात. म्हणजे 'आपला' म्हणतानाही जरा दबकूनच म्हणायचं.) शिंप्याने कापड हातात घेतलं, उलगडलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "वहिनी नाही आल्या मापाला?" माप माझंच घ्यायचंय म्हटल्यावर त्याने टेप गळ्यातून काढलीच नाही. "साहेब, ह्याचा पन्हा बघा. हे चोळीचं कापड. तुमच्या मुंढ्याला जोड द्यावा लागेल." मी म्हटलं, द्या जोड, सँ लोराँनेही दिले होते. "तो कुठे बसतो?" असं त्याने विचारलं आणि जोड दिला. कापड, अस्तर, शिलाई धरून चार हजार तीनशे रुपये. उरलेलं पाऊण मीटर इमानदारीने परत केलं, एवढं मात्र खरं.

तर आजी.

"रुखवतातून नाही हो, मी मुलाकडचा," मी म्हटलं.

"मग हे काय घातलंयस? खण ना हा?"

"हो. हातमागाचा आहे. बघा, उभा धागा रेशमाचा आणि आडवा..."

"उभा राहून दमलास? मग बस की. खुर्ची आहे."

मी बसलो. इथेच चुकलो. आजींनी जॅकेटची कड दोन बोटांत धरली आणि आंबा चाचपावा तशी चाचपली. मग पिशवीत हात घालून एक बटवा काढला. जांभळा. हिरव्या झाकेचा. लाल काठाचा. त्या लग्नात प्रत्येक बाईला एकेक दिला होता. आजींनी तो माझ्या खिशावर ठेवला, मान मागे घेऊन, चष्मा वर करून बघितलं.

"एका ताग्यातला!"

हे त्या मला म्हणाल्या नाहीत. पलीकडच्या रांगेतल्या बहिणीला म्हणाल्या. यंत्र लावणारी माणसं ज्या आवाजात बोलतात त्या आवाजात. बहीण आली. बहिणीची सून आली. सुनेने मोबाइल काढला. माझ्या छातीवर आता तीन बटवे होते.

"ताग्याचा काही संबंध नाही," मी म्हणालो. "हा यंत्रमागाचा असणार, माझा..."

"केवढ्याला पडलं?"

खरं सांगायला नको होतं. पण मी तेव्हा अजून कलावंतच होतो.

"चार हजार तीनशे!" आजींनी बहिणीकडे बघितलं, मग माझ्याकडे, खऱ्याखुऱ्या कळवळ्याने. "अरे, आम्हाला फुकट मिळाला. आत नारळ पण आहे."

यावर माणसाने काय बोलावं?

मला राग आजींचा आला नाही. थोडा आला. जास्त राग आला तो हॉलभर पसरलेल्या पुरुषांचा. मोतिया कुर्ता, मोतिया कुर्ता, आकाशी शर्ट, मोतिया कुर्ता. सगळे मला बघून हसत होते. फ्ल्यूगेल नावाच्या एका मानसशास्त्रज्ञाने १९३० साली लिहून ठेवलंय की, अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपातल्या पुरुषांनी नटण्यामुरडण्याचा हक्क आपणहून सोडून दिला. आपल्याकडे पेशवाईतले पुरुष कानात भिकबाळी घालून, जरीचे शेले पांघरून मिरवत. मग काय झालं? आज पुरुषाला रंग मिळतो तो फेट्यात, तोही भाड्याचा, पंगत उठायच्या आत परत करायचा. खणाचं काय काय नाही होत हल्ली? तोरण होतं, दिव्याची शेड होते, टिश्यूच्या डब्याला कव्हर होतं. डब्याला कुणी विचारत नाही, रुखवतातून आलास का म्हणून.

फोटोच्या वेळी फोटोग्राफरने मला मागच्या रांगेत उभं केलं. मागे पडदा होता. कशाचा, ते सांगत नाही. "काका, जरा पुढे या, तुमचं नुसतं डोकंच दिसतंय," तो म्हणाला.

निघताना दारातल्या टेबलाशी मी हात पुढे केला. निदान नारळ तरी. बटवे वाटणाऱ्या मुलीने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि खाली वाकून एक रिकामं खोकं काढून दिलं. "दादा, एवढे संपले. आतून दुसरं खोकं आणता?"

आणलं. काय करणार! जड होतं, चाळीस-पन्नास नारळ होते.

बायकोच्या बटव्यातल्या नारळाच्या सोमवारी करंज्या झाल्या. बटव्यात ती आता लसूण ठेवते. जॅकेट कपाटात आहे. ती काही बोललेली नाही, फक्त लसूण काढताना एकदा कपाटाकडे बघते.

काल एका अनोळखी नंबरवरून फोन आला. मुलगा चाचरत बोलत होता. "काका, सॉरी हं, नंबर लग्नघरातून घेतला. आजी विचारतेय, त्या जॅकेटचं कापड उरलंय का? उशीला अभ्रा करायचाय म्हणते." मागून आवाज आला, "विचार, हातमागाचाच आहे ना म्हणावं! बटव्याचा रंग गेला एका धुण्यात!"

पाऊण मीटर समोरच्या खणात घडी करून ठेवलेलं होतं.

नाही उरलं, असं सांगितलं.