११२२ या आकड्याचे वय

रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ आणि सिंधुदुर्गात १०३६ स्त्रिया आहेत. म्हणून कोकणात मुलगी नकोशी नाही, गर्भलिंगनिदानाचा प्रश्न तिथे उद्भवत नाही, हे चित्र पिढ्यान्‌पिढ्या असेच आहे आणि 'लग्नाला मुली मिळत नाहीत' ही तिथल्या मुलांची तक्रार पोकळ आहे, असा मजकूर बरीच वर्षे फिरतो आहे. अलीकडे त्याला 'आता तर साऱ्या देशातच १०२० स्त्रिया झाल्या' अशी पुरवणीही जोडली जाते. यातले आकडे खोटे नाहीत. पहिले दोन २०११ च्या जनगणनेतले आहेत आणि तिसरा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतला. चूक आहे ती तान्ह्या मुलीपासून पणजीपर्यंत सर्वांना एका आकड्यात कोंबून त्यावरून पाळण्यातल्या आणि बोहल्यावरच्या मुलीविषयी निष्कर्ष काढण्यात.

पहिला मुद्दा मुलीच्या जन्माचा. त्यासाठी पाहायचा आकडा शून्य ते सहा वर्षे वयोगटाचा आहे, आणि तो २०११ मध्ये रत्नागिरीत ९३६, तर सिंधुदुर्गात ९२२ होता. कोणतीही ढवळाढवळ झाली नाही तर हजार मुलग्यांमागे साधारण ९५० मुली जन्मतात, म्हणजे रत्नागिरी त्या पातळीच्या जवळ आहे हे मान्यच करायला हवे. त्याच वर्षी बीडमध्ये हा आकडा ८०७ होता. परंतु २००१ मध्ये याच दोन जिल्ह्यांचे आकडे अनुक्रमे ९५२ आणि ९४४ होते. ज्या दशकात घाटावरचे कोल्हापूर ८३९ वरून ८६३ वर आणि सांगली ८५१ वरून ८६७ वर चढले, त्याच दशकात कोकणातले हे दोन्ही जिल्हे खाली घसरले. राज्यात सर्वांत वर होते ते गडचिरोली, ९६१ मुलींसह. आणि तिथे सर्व वयांचे गुणोत्तर हजाराच्या आतच, ९८२ होते. एकूण गुणोत्तरावरून बालिकांचे गुणोत्तर ताडता येत नाही, याला याहून स्पष्ट दाखला क्वचितच मिळेल.

मग ११२२ आले कुठून? रत्नागिरीत २०११ मध्ये ८,५३,९४८ स्त्रिया आणि ७,६१,१२१ पुरुष मोजले गेले. फरक जवळजवळ ९३ हजारांचा. हा फरक जास्तीच्या मुली जन्मल्याने पडलेला नाही, तर कमावत्या वयाचे पुरुष मुंबईत असल्याने पडला आहे. गिरणगावात दाटीच्या खोलीत राहून खानावळीत जेवणारा चाकरमानी गावाला मनीऑर्डर पाठवी आणि शेती, गुरे व म्हातारी माणसे घरची बाई सांभाळी, ही रीत शतकभराहून जुनी आहे. मुंबई शहर जिल्ह्याचे गुणोत्तर २००१ मध्ये ७७७ होते, ही याच नाण्याची दुसरी बाजू. शिवाय गणना झाली फेब्रुवारी महिन्यात. ती गणपतीत झाली असती तर आकडा वेगळा आला असता, हे कोकणात कुणालाही समजावून सांगावे लागणार नाही. या पुरुषांच्या उणिवेत भर पडते ती वृद्ध स्त्रियांची: नवरा वयाने मोठा आणि बाईचे आयुर्मान अधिक, त्यामुळे वयाच्या वरच्या पायऱ्यांवर विधवा अधिक उरतात. थोडक्यात, ११२२ हा आकडा मधल्या वयातल्या पुरुषांच्या गैरहजेरीने आणि उतारवयातल्या स्त्रियांच्या हजेरीने बनलेला आहे.

'पिढ्यान्‌पिढ्या असेच' हा दावा तर सर्वांत कमकुवत आहे, आणि माझ्या मते खरी लक्ष देण्याजोगी गोष्ट इथेच आहे. २००१ ते २०११ या दहा वर्षांत दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली, हे बहुतेकांना ठाऊक असते. ती घट कोणाची, हे मात्र फारसे कोणी पाहत नाही. रत्नागिरीत पुरुष ३३,३७७ ने कमी झाले आणि स्त्रिया ४८,३३१ ने. सिंधुदुर्गात एकूण १९,१७४ माणसे कमी झाली, त्यांत पुरुष होते फक्त ५५८. उरलेल्या १८,६१६ स्त्रिया. म्हणूनच तिथले गुणोत्तर १०७९ वरून १०३६ वर आणि रत्नागिरीचे ११३६ वरून ११२२ वर आले.

केवळ जन्मदर घटल्याने असे होणार नाही, कारण त्याने मुलगे आणि मुली दोन्ही कमी होतात. वाकडी घट होण्यास स्थलांतराची बदललेली तऱ्हा कारणीभूत आहे. नवरा एकटा जाऊन बायको गावी ठेवण्याची चाल मोडली, मुंबई, ठाणे, पुणे इथे बिऱ्हाडे झाली, आणि बारावीनंतर शिकायला गेलेली मुलगीही परतेनाशी झाली. मुंबई शहराचे गुणोत्तर त्याच दशकात ७७७ वरून ८३२ वर चढले, त्यामागे हेही एक कारण आहे. उलट पुरुषांच्या बाजूला निवृत्त होऊन परतणारे आणि बाहेरून कामाला येणारे यांची भर पडते. आंब्याच्या बागांत राखणीला असलेले नेपाळी कामगार फेब्रुवारीत तिथेच असतात. परिणामी गावातल्या स्त्रियांचा लोकसंख्या मनोरा, म्हणजे लहानग्या तळाला आणि वृद्धा माथ्याला अशी वयोगटांची रचलेली आकृती, तळाशी अरुंद, कमरेत बारीक आणि माथ्याला रुंद होत चालला आहे. राज्याचा जननदर, म्हणजे एका स्त्रीमागे सरासरी होणारी मुले, १९९२-९३ मधील २.९ वरून २०१९-२१ मध्ये १.७ वर आला, त्यामुळे तळ पुन्हा भरण्याची चिन्हे नाहीत.

आता लग्नाच्या मुलींचे. सत्तरीच्या आजीबाईंमुळे गुणोत्तर हजारावर गेले म्हणून पंचविशीच्या तरुणाला वधू मिळत नाही, हे वेगळे सांगायची गरज पडू नये. त्यातही एक बारकावा आहे. मुलगा आपल्याहून तीन-चार वर्षांनी लहान मुलगी पाहतो; जन्म दरवर्षी घटत असतील तर त्याच्या वर्षीच्या मुलग्यांपेक्षा तीन-चार वर्षांनंतर जन्मलेल्या मुली संख्येने मुळातच कमी असतात. म्हणजे गर्भलिंगनिदान अजिबात नसते तरीही टंचाई जाणवली असती. त्यावर, गावात राहून बागायत करणाऱ्यापेक्षा शहरातल्या नोकरदाराला मुलीची पसंती. तक्रारीचा सूर कधी कधी मुलींनाच दोष देणारा असतो, तो मला मान्य नाही. पण संख्येपुरती ती तक्रार पोकळ नाही.

राहिला १०२० चा आकडा. तो जनगणनेचा नाही, निवडक कुटुंबांच्या पाहणीचा आहे, आणि आदल्या रात्री त्या घरात मुक्कामाला असलेल्यांवरून काढलेला आहे. बराकी, वसतिगृहे, कामगारांचे तळ अशा ठिकाणी राहणारे, बहुतांशी पुरुष, त्यात निसटतात. त्याच पाहणीत तिच्याआधीच्या पाच वर्षांतील जन्मांचे गुणोत्तर ९२९ आहे, ते मात्र पुढे पाठवले जात नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने देशाच्या आधी, १९८८ मध्येच कायदा केला आणि तो सगळ्या जिल्ह्यांना सारखाच लागू होता; एकूण गुणोत्तर हजारावर आहे म्हणून रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या सोनोग्राफी केंद्रांची तपासणी सैल करावी, असे त्या कायद्यात किंवा १९९४ च्या केंद्रीय कायद्यात कुठेही नाही.

पुढची शिरगणती फेब्रुवारी २०२७ मध्ये ठरली आहे, म्हणजे याही वेळी चाकरमानी मुंबईत आणि राखणदार बागेत असतानाच. तिचे पहिले एकूण गुणोत्तर जाहीर झाल्यावर असाच एखादा संदेश नव्याने निघेल; वयोगटवार तक्ते मात्र नेहमीप्रमाणे त्यानंतर बऱ्याच काळाने येतील.