मूळ आणि फळ

परोपकाराची मुळं उत्क्रांतीत शोधणाऱ्या एका लेखातलं 'परोपकार म्हणजे जनुकांचाच छुपा स्वार्थ' हे वाक्य खटकलं. जीवशास्त्रज्ञ हॅमिल्टनचं १९६४ चं गणित काय सांगतं? नात्याची जवळीक गुणिले समोरच्याचा फायदा हे आपल्या तोट्यापेक्षा जास्त भरलं, तर मदत करण्याची वृत्ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते. बस्स. मदत करणाऱ्याच्या मनात काय चाललंय, याबद्दल ते गणित चकार शब्द काढत नाही. आई तापलेल्या पोराच्या उशाशी रात्रभर बसते, ती काय जनुकांचा हिशोब मांडत?

अ‍ॅरिस्टॉटलचा प्रश्नच वेगळा आहे: माणूस चांगला होतो कसा? घरं बांधता बांधता माणूस गवंडी होतो, तसा न्यायाने वागता वागता न्यायी होतो, असं तो म्हणतो. उपजत असते ती फक्त क्षमता. तिला वळण सवयीने लागतं. उत्क्रांतीने दिला तो कच्चा माल, एवढंच.

त्या लेखात जॉर्ज प्राइसचा उल्लेख मात्र हवा होता. नैसर्गिक निवड गणितात बसवणारं समीकरण १९७० मध्ये मांडणारा हा माणूस पुढे लंडनमधल्या बेघरांना स्वतःजवळचं सगळं वाटत सुटला आणि जानेवारी १९७५ मध्ये त्याने आत्महत्या केली. अ‍ॅरिस्टॉटलने या सगळं वाटून टाकण्याला औदार्य म्हटलं असतं की अतिरेक? मला तरी अतिरेकच वाटतो, पण ठामपणे म्हणवत नाही.