तक्रार निवारण समिती, सदस्यसंख्या एक

पंचवीस-तीस वर्षं तुम्ही माणसांना कामावर घेतलंत, कामावरून काढलंत आणि मधल्या काळात 'आपण सगळे एक कुटुंब आहोत' असं त्यांना सांगत राहिलात. आता तुम्हाला स्वतंत्र व्हायचंय. उत्तम. एचआरमधला माणूस एका वयानंतर सल्लागार होतोच. काही जण ते स्वतः ठरवतात, काहींच्या बाबतीत कंपनी ठरवते. तुम्ही दुसऱ्या प्रकारात मोडत असलात तरी जाहीर करताना 'नव्या वाटेवर पाऊल' असंच लिहा. इतरांच्या निरोपाच्या मेलमध्ये हे शब्द तुम्हीच घालत होतात, त्यामुळे शोधावे लागणार नाहीत.

आधी पाटी. आडनावापुढे 'अँड असोसिएट्स' लावा. असोसिएट्स कोण, हे सहसा कुणी विचारत नाही. विचारलंच तर 'प्रकल्पानुसार टीम उभी करतो' म्हणा. बोलताना कटाक्षाने 'आम्ही' म्हणा. सर्दी झाली तर 'आमच्याकडे सध्या मनुष्यबळाची जरा ओढाताण आहे'. यात खोटं काहीच नाही.

दिवसाचा दर ठरवताना जुन्या पगाराला तीसने भागू नका. तसं केलंत तर वर्षाअखेर हिशेब जुळणार नाही, कारण प्रपोजल लिहिणं, 'सहज भेटू'च्या मीटिंगा आणि दुखणीखुपणी यांचं बिल लावता येत नाही. वर्षातले निम्मे दिवस विकले गेले तरी खूप. पूर्वी उमेदवारांना तुम्ही 'घरून एक छोटी असाइनमेंट करून आणा' सांगत होतात ना, फुकट? आता तिला प्रपोजल म्हणायचं. आणि ते वाचून समोरचा म्हणेल, 'आम्ही कळवू.'

धीर सुटायला लागला तर आपल्या धंद्याच्या मूळपुरुषाचं स्मरण करा. कामाचं 'शास्त्रीय व्यवस्थापन' मांडणाऱ्या फ्रेडरिक टेलर या अमेरिकन इंजिनिअरने १८९३ मध्ये स्वतंत्र सल्लागार म्हणून पाटी लावली. पुढे बेथलहेम स्टील या पोलाद कंपनीत बिडाच्या लाद्या वाहणारा मजूर दिवसाला साडेबारा टन उचलायचा, तो आपल्या शास्त्रामुळे साडेसत्तेचाळीस टन उचलू लागला, असं तो सांगायचा. काम जवळपास चौपट, मजुरीतली वाढ साठ टक्क्यांच्या आसपास. हे गणित पाठ करून ठेवा, गिऱ्हाइकांना ते आजही आवडतं. १९०१ मध्ये बेथलहेमने टेलरलाच नारळ दिला. तेवढं सांगायची गरज नाही.

आता पहिलं गिऱ्हाईक. ते म्हणजे तुमची जुनी कंपनी. लाजू नका, बहुतेकांचं तेच असतं. गेटवर तुम्हाला व्हिजिटरचा बिल्ला गळ्यात घालावा लागेल, लॅपटॉपचा नंबर वहीत लिहावा लागेल आणि ज्या खोलीत तुम्ही वर्षानुवर्षं उमेदवारांना थांबवून ठेवलंत तिथेच थांबावं लागेल. त्या खुर्च्या इतक्या अवघडवणाऱ्या आहेत हे तेव्हा कुणी सांगितलं कसं नाही, असा प्रश्न पडेल. सांगितलं होतं. सूचनापेटीत.

काम असेल 'माणसं का सोडून जातात' ते शोधण्याचं. उत्तर तुम्हाला लिफ्टमधून वर पोहोचेपर्यंत मिळेल, कारण लिफ्टमधले दोघे त्याच विषयावर बोलत असतील. पण लिफ्टमध्ये मिळालेल्या उत्तराचं बिल लावता येत नाही. त्यासाठी सर्वेक्षण लागतं. साठ प्रश्न, पाच पर्याय, आणि वर ठळक अक्षरात 'हे सर्वेक्षण पूर्णपणे अनामिक आहे'. मग पहिल्या पानावर विचारा: विभाग, वयोगट, स्त्री की पुरुष, नोकरीची वर्षं. चार जणांच्या विभागात एकच बाई असेल तर तिचं अनामिकत्व किती टिकलं, हे तिला विचारू नका. तिने सगळीकडे 'पूर्णपणे सहमत'वर खूण केलेली असेल. यालाच अहवालात 'महिला कर्मचाऱ्यांमधील उच्च समाधान' म्हणतात.

तरीही उत्तर निघतंच, आणि ते असतं एक माणूस. विभागप्रमुख. ओरडतो, श्रेय लाटतो, रजा अडवतो. अडचण एवढीच की तुम्हाला बोलावलंय त्याने आणि बिलावर सहीही त्याचीच लागणार. इथे तुमचा अनुभव कामी येतो. नवखा सल्लागार त्याचं नाव लिहून बसेल. तुम्ही लिहा, 'मध्यम स्तरावरील नेतृत्वशैलीत सुसंवादास वाव आहे.' वाव हा शब्द फार गुणी आहे. त्यात काहीही मावतं.

आणि एक गोष्ट, फक्त आपल्या दोघांत. ही सगळी उत्तरं तुमच्या जुन्या कपाटात आधीपासून आहेत. सोडून जाणाऱ्या प्रत्येकाचा एक्झिट इंटरव्ह्यू तुम्हीच घेतला होता. काही जण रडले होते, एकाने तर तारीखवार टिपणच आणलं होतं. तुम्ही मान डोलावलीत, फॉर्म भरून घेतलात, फाईल लावलीत, किल्ली फिरवलीत. आता फक्त कपाट उघडायचं आहे. तेच कागद फुकट होते तेव्हा कुणी वाचले नाहीत, तुम्हीसुद्धा नाही. आता ते रंगीत स्लाइडवर, दिवसाच्या दराने, अख्खं संचालक मंडळ ऐकेल. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते याचसाठी. तुम्ही पिकवणाऱ्यांतून उठून विकणाऱ्यांत आलात, एवढाच काय तो फरक.

स्लाइडवरून आठवलं, त्रिकोण हवाच. माणसाच्या गरजांची उतरंड मांडणाऱ्या मानसशास्त्रज्ञ मॅस्लोचा घ्या, सगळे घेतात. खुद्द मॅस्लोच्या १९४३ च्या निबंधात तो त्रिकोण नाही. १९६० साली चार्ल्स मॅकडर्मिड नावाच्या एका सल्लागार मानसशास्त्रज्ञाच्या लेखात गरजांचा तो पिरॅमिड दिसतो. म्हणजे विचार प्राध्यापकाचा, आकृती सल्लागाराची, आणि लोकांच्या लक्षात राहिली ती आकृती. आपल्या धंद्याची ताकद यापेक्षा थोडक्यात सांगता येणार नाही.

व्यक्तिमत्त्व चाचणीही ठेवा. माणसांचे सोळा प्रकार सांगणारी ती प्रसिद्ध चाचणी कॅथरीन ब्रिग्ज आणि इझाबेल मायर्स या मायलेकींनी रचली. दोघींपैकी एकीनेही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली तर बऱ्याच जणांचा प्रकार बदलतो. टीकाकार याला दोष म्हणतात. धंदा करणारा याला रिपीट ऑर्डर म्हणतो.

बेल कर्व्हची तर मजाच आहे. जॅक वेल्च प्रमुख असताना जीईने (जनरल इलेक्ट्रिकने) वरचे वीस टक्के, मधले सत्तर आणि खालचे दहा अशी कामगिरीनुसार माणसांची वाटणी केली आणि जगभरच्या कंपन्यांनी ती उचलली. ती बसवण्यासाठी सल्लागार लागले. मग २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपली क्रमवारी मोडीत काढली, मागोमाग इतरांनाही उपरती होऊ लागली. ती काढण्यासाठीही सल्लागार लागले. तुमच्या पिढीचं भाग्य असं की बसवतानाही तुम्ही होतात आणि काढतानाही. ज्यांना त्या खालच्या दहा टक्क्यांत ढकललं होतं त्यांचं काय झालं, हा प्रश्न प्रकल्पाच्या कक्षेबाहेरचा आहे.

कपातीचं काम आलं तर नाही म्हणू नका. यादी त्यांची तयारच असते, त्यांना हवा असतो फक्त तुमचा खांदा. बंदूक तेच आणतात.

एवढं सगळं जमलं की येतो व्हेंडर रजिस्ट्रेशनचा, म्हणजे पुरवठादार म्हणून नोंदणीचा फॉर्म, आणि खरी परीक्षा ती. चौदा पानं. एकूण कर्मचारी: एक. त्यांपैकी महिला: शंभर टक्के किंवा शून्य, तुमचं जे असेल ते. मागच्या वर्षातली गळती: शून्य (हे अभिमानाने लिहा, आयुष्यात पहिल्यांदाच लिहिताय). प्रशिक्षणाचं धोरण जोडा. रजेचं धोरण जोडा. तक्रार निवारण समितीचे अध्यक्ष, सचिव आणि सदस्य यांच्या सह्या. तिन्ही सह्या तुम्हीच करायच्या, पण पेन बदलून. स्वतःविरुद्धच्या तक्रारीवर सुनावणी घेताना अध्यक्षांनी बाजूला व्हावं असा नियम आहे; तो पाळायचा झाल्यास खोलीत कुणीच उरत नाही. मागच्या वर्षी आलेल्या तक्रारी किती, या रकान्यात 'निरंक' लिहा. बारा-बारा तास काम, रविवारी फोन, दोन वर्षं इन्क्रिमेंट नाही, बॉस समजून घेत नाही, हे सगळं खरं असलं तरी लेखी तक्रार आली आहे का? नाही ना? लेखी नसेल तर तक्रार नाही. हे तुम्हीच शिकवलंय लोकांना.

फॉर्म मंजूर झाला, काम झालं, टाळ्या पडल्या. आता इनव्हॉइस पाठवा. तो परत येईल, कारण पीओ (परचेस ऑर्डर) नंबर नाही. नंबर टाकून पाठवा. परत येईल, कारण पीओची मुदत संपली. तिसऱ्यांदा स्वीकारला गेला की अकाउंट्समधला मुलगा अत्यंत नम्रपणे सांगेल की पैसे नव्वद दिवसांनी मिळतात, आणि ते नव्वद दिवस इनव्हॉइस स्वीकारल्यापासून धरतात, पाठवल्यापासून नव्हे. आवाज चढवू नका. त्या मुलाला तुम्हीच निवडलं होतं, याच नम्रपणासाठी. शांतपणे विचारा की हा नियम कुठे लिहिलाय. तो लगेच पुरवठादार धोरणाची प्रत पाठवेल. शेवटचं पान उघडा. वित्त विभागाची सही डावीकडे आहे. उजवीकडची सही बघा. अक्षर ओळखीचं वाटेल.