साग लावा, वाघ बोलवा

नोकरी नागपुरात किंवा पुण्यात आणि गावाकडे बापजाद्यांची पाच एकर पडीत, अशी तुमची स्थिती असेल तर हा सल्ला खास तुमच्यासाठी. वावर ठेक्यानं द्यायला मन धजत नाही, स्वतः पेरायला कंबर साथ देत नाही. तेव्हा झाडं लावा. लाकडाचे पैसे येतील, मोर-ससे येतील, नशिबात असलं तर वाघही एखादी चक्कर मारेल. आणि वीस वर्षं काहीच करावं लागणार नाही, हे तर तुम्ही कुठेतरी वाचलंच असेल.

सुरुवात वावरापासून नको, वहीपासून करा. 2 बाय 2 मीटरवर एकरात साधारण 1,000 साग बसतात. रोपं विकणाऱ्याच्या पत्रकात एका झाडाचा जो भाव छापला असेल, त्याला हजारानं गुणा. उत्तरातली शून्यं मोजायला घरातल्या पोराला बसवा. या गणितात विरळणीचा हातचा मात्र धरू नका. हजारच्या हजार झाडं तशीच ठेवली तर पाच-सात वर्षांत शेंडे एकमेकांत घुसतात, उजेडासाठी झाडं उंच धावतात आणि बुंधे मांडवाच्या बल्लीएवढेच राहतात. म्हणून आधी एकाआड एक झाड काढायचं, पुढे पुन्हा काढायचं, असं करत शेवटी एकरी शे-दीडशे ठेवायची, तेव्हा कुठे लाकूड भरतं. पण आपल्या हातानं अर्धी रोपं तोडायची म्हणजे काळीज लागतं. ते नसलेलंच बरं. बल्लारशाहच्या डेपोतलं सागवान 2023 मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी गेलं, ही बातमी चौकटीत लावून ठेवा. त्या लाकडाचं वय विचारू नका. बारा वर्षांच्या सागात गाभा थोडा आणि पांढरं लाकूड फार, आणि ते पांढरं लाकूड उधईला, म्हणजे वाळवीला, बर्फीसारखं लागतं.

आता जमीन. पडीत जमीन बघवत नाही. जागोजागी टोंगळ्याएवढी, म्हणजे गुडघ्याएवढी, पळसाची झुडपं, बोराटी, तेंदूचे धुमारे, कुठे मोईचं खोड, धुऱ्यावर (बांधावर) म्हातारा मोह. पहिलं काम म्हणजे जेसीबी बोलावून हे सगळं साफ करा. कोणी शहाणा सांगेल की या झुडपांची मुळं तुमच्याहून वयानं मोठी आहेत, वरून दरवर्षी बकऱ्या खातात आणि उन्हाळ्यात आग लागते म्हणून ती टोंगळ्यावर थांबली आहेत. चार वर्षं चराई आणि आग रोखली तर पैसा न घालता जंगल उभं राहतं. ऐकू नका. फुकट आलेल्या झाडाचं उद्घाटन कसं करणार? जेसीबी फिरला की वरची वीतभर चांगली माती धुऱ्याला जाऊन बसते आणि खालचा मुरूम वर येतो. जमीन कशी चकाचक दिसते. एखादं वठलेलं झाड उरलं असेल तर तेही पाडा. त्याच्या ढोलीत पिंगळा आणि पोपट राहतात, पण आपल्याला वन्यजीव हवेत ते नवीन.

कोणती झाडं? साग, साग आणि साग. जमीन काळी, भारी, पावसाळ्यात पाणी धरणारी असेल तरी साग. सागाला पाणी तुंबलेलं चालत नाही, त्याला खोल आणि निचऱ्याची जमीन लागते, हे त्यानं त्याचं बघावं. काळ्यात बाभूळ आणि कडुनिंब, नाल्याच्या काठी अर्जुन, उथळ मुरमावर अंजन आणि सालई, अशी यादी गावातला कुठलाही म्हातारा झाडाखाली बसल्या बसल्या सांगेल. म्हणूनच त्याला विचारू नका. मग वन्यजीवांसाठी म्हणून फाटकाजवळ गुलमोहराची रांग लावा. मार्च-एप्रिलात मोहाची फुलं, मग चार (चारोळीचं झाड) आणि तेंदू, मृगाच्या तोंडावर जांभूळ, हिवाळ्यात बोरं, आणि बाकी काही नसतं तेव्हा उंबर: पाखरांना आणि अस्वलाला वर्षभर असं पंगतीसारखं एकामागून एक वाढावं लागतं. गुलमोहरात ती कटकट नाही, खायलाच काही नाही. नुसत्या सागाखाली दुसरं फार काही उगवत नाही. त्याच्या रुंद पानावर पाणी साचून मोठा थेंब पडतो, तो माती उखडून नेतो. जमीन पुन्हा चकाचक.

रोपं घेताना उंची बघा. सहा फुटी रोप फोटोत दिसतं, दीड फुटी दिसत नाही. 5 बाय 8 इंचाच्या पिशवीत दोन वर्षं राहिलेलं सहा फुटी रोप म्हणजे सोन्याहून पिवळं. त्याच्या मुळांनी पिशवीच्या तळाशी स्प्रिंगसारखे वेढे घेतलेले असतात आणि जमिनीत गेल्यावरही ती तशीच गोल फिरत राहतात. चार-पाच वर्षं झाड बरं दिसतं, मग एका वादळात उताणं पडतं आणि मुळाशी पिशवीच्या आकाराचा गोळा निघतो. सागाच्या जड्या तर घेऊच नका. अंगठ्याएवढी जाड, 15 ते 20 सेंटिमीटर मूळ आणि वर दोन-तीन सेंटिमीटर खोड ठेवून छाटलेली जडी स्वस्त पडते. सब्बलीनं भोक पाडून उभी लावली, कडेनं माती घट्ट दाबली की झालं. पोकळी राहिली तर ती सडते किंवा सुकते. पण तुटक्या काडीसोबत कोण पाहुणा फोटो काढेल? घेतल्याच, तर निदान मजुराला न सांगता लावू द्या. काही उलट्या लागतील. वरून कळत नाही.

खड्ड्याचं शास्त्र थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण रोप मारण्याची सगळ्यात जास्त सोय इथे आहे. पुस्तकी माणसं एप्रिल-मेमध्ये 45 सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा खणतात, वरची माती एका बाजूला आणि खालची दुसऱ्या बाजूला ठेवतात, महिनाभर ऊन देतात, मग वरची माती आणि घमेलंभर कुजलेलं शेणखत आधी भरतात, आणि पावसानं दबेल म्हणून थोडा उंचवटा ठेवतात. तुम्ही खड्डे वृक्षारोपणाच्या कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी, ट्रॅक्टरच्या ऑगरनं (खड्डे पाडायच्या गिरमिटानं), ओल्या काळ्या मातीत घ्या. ऑगर फिरला की खड्ड्याच्या भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात. त्यात पाणी राहतं, मूळ मात्र बाहेर जात नाही. कुंडीला पैसे पडतात, ही फुकटात झाली. खालचा मुरूम वर आणि वरची माती खाली की उलट, असले विचार करू नका, जे हाताशी येईल ते ढकला. शेणखत ताजं घाला. त्यासोबत मुळं खाणारी हुमणीची अळी येते आणि उधईला आमंत्रण जातं. खड्डा काठोकाठ भरू नका. खोलगट राहिला की आर्द्रातला पाऊस त्यात उतरेल आणि रोप आठवडाभर पाण्यात उभं राहील.

पिशवी फाडू नका, किंवा नुसती खालून एक चीर द्या. लावताना देठाशी धरून उपसा, म्हणजे मातीचा गोळा पिशवीत आणि रोप हातात. मग अर्धं खोड मातीत गाडा, वाऱ्यानं हलायला नको.

लावण्याचा मुहूर्त पंचांगाचा नको, पाहुण्यांचा पाहा. मृगात एक सर पडते, माती फक्त वरून ओली होते, खाली बोट घातलं तर फुफाटा. तेव्हाच लावा. पुढे तीन आठवडे पाऊस ओढ देतो, हे विदर्भात काही नवीन नाही. जमीन फूटभर भिजेपर्यंत थांबा म्हणणाऱ्यांचं कापसाचं बियाणंही दुबार पेरावं लागत नाही, इतके ते नीरस लोक. किंवा दुसरं टोक गाठा, पोळा आटोपल्यावर लावा. परतीचा पाऊस संपेपर्यंत मूळ वीतभरही खाली गेलेलं नसतं आणि पुढे मे महिना आहेच. राज्यानं 2016 मध्ये 2 कोटी, 2017 मध्ये 4, 2018 मध्ये 13 आणि 2019 मध्ये 33 कोटी झाडांचं उद्दिष्ट चढत्या भाजणीनं लावलं होतं. आकडा लावण्याचा असतो, जगण्याचा नसतो, एवढं त्यातून उचलायला हरकत नाही.

निंदणी? वनखात्याच्या जुन्या पद्धतीत पहिल्या वर्षी तीन, दुसऱ्या वर्षी दोन, तिसऱ्या वर्षी एक. सागाला ऊन लागतं, गवताखाली तो पिवळा पडून बसतो. पण रोपं निसर्गात लावली आहेत ना? मग निसर्गाला करू द्या. ऑगस्टात गवत कमरेला लागतं, रोपं सापडत नाहीत, म्हणजे मेलेलीही दिसत नाहीत. नाही तरी मार्चमध्ये तेच गवत वाळून पेटीच्या काडीची वाट बघत उभं असतं. मोह वेचणारा झाडाखालचा पाला पेटवतो, वारा सुटतो आणि दुपारी तुमचं वावर काळं. डिसेंबरात कडेनं आग अडवायला तीन मीटर रुंद जाळरेषा काढायला दोन दिवस लागले असते. त्या दोन दिवसांत लग्नं असतात. साग आगीनंतर मुळातून पुन्हा फुटतो, हा त्याचा चिवटपणा. पावसाआधी वाकडं, जळकं खोड जमिनीलगत कापलं तर एक सरळ कोंब जोमानं येतो. न कापता ठेवा, पाच-सहा फांद्यांचं झुडूप होईल.

पावसाळ्यात अळ्या पानांची जाळी करतील. तेव्हा तातडीनं फवारा मारा. झाड त्या अळीनं मरत नाही, नवी पालवी काढतं, पण अळ्यांवर जगणारी पाखरं तुम्ही बोलावलीत त्याचं काय, असं कोणी विचारणार नाही.

कुंपणाचा प्रश्न नाजूक. वन्यजीव हवेत म्हणून कुंपण घालायचं नाही, आणि रोही (नीलगाय) आली की पोटात गोळा येतो. रोही शेंडे खाते, चितळ शिंगं घासून साल काढतो, साळिंदर बुंध्याची साल कुरतडतो, रानडुक्कर बांबूचे वास्ते, म्हणजे कोवळे कोंब, उकरतं. सागाचं खरखरीत पान ढोरं सहसा खात नाहीत, नुसती तुडवतात. गावच्या बकऱ्या बाकीचं पाहतात. बोराटीच्या काट्या रोपाभोवती रोवल्या तर पहिली दोन वर्षं निभावतात, पण बोराटी तुम्ही जेसीबीनं काढली आहे. कुंपणाच्या तारेला हलका झटका देणारं झटका मशीन लावायचं तर लावा. तारेत थेट लाइनचा करंट मात्र सोडू नका, हे एवढं वाक्य सरळ वाचा: त्यानं शेजारचा माणूस मरतो, वाघ मरतो, आणि गुन्हा तुमच्यावर दाखल होतो.

इतकं करूनही काही साग वाढलेच, तर सातबारावर त्यांची नोंद करू नका. धुऱ्यावरचे साग कोणाचे, यासाठी मोजणीही नको, भाऊबंद आहेत ना. 1964 च्या वृक्षतोड कायद्यानं स्वतःच्या वावरातला साग तोडायलाही परवानगी लागते. मोह, बीजा, हळदू, ऐन हेही त्याच यादीत. मग लाकडावर शिक्का, मग वाहतुकीचा पास. व्यापारी म्हणेल, कागदाचं मी पाहतो. त्यानं कागदाचं पाहिलं की भाव तोच ठरवतो. वहीतली शून्यं तेव्हा डावीकडे सरकवून पाहावीत.

तोवर जूनमध्ये वावरात एक चक्कर टाका. सागाच्या रांगा विरळ झाल्या असतील, गुलमोहर वाकले असतील. पण जेसीबीच्या दातांतून सुटलेल्या मुळांना कोंब आलेले दिसतील. पळस टोंगळ्याला लागला आहे, तेंदूची कोवळी लाल पानं चमकताहेत, धुऱ्याकडे ढकललेल्या मातीतून बोराटी वर आली आहे आणि तिच्यात तितराचा आवाज आहे. हे सगळं पुन्हा माजायच्या आत जेसीबीवाल्याला फोन करा. जुलैत पाहुणे यायचे आहेत, आणि खड्डे तर मागच्या वर्षीचेच आहेत.