शांतता परवडत नाही

मुंबईची मंडळी गुहागरला आमच्याकडे आली की ओटीवर बसून हमखास म्हणतात, "काका, काय शांतता आहे हो इथे!" मी मान डोलावतो. माझ्या कानात तेव्हा शिटी व्हायच्या आधीचा कुकर सूंऽऽ करत असतो. त्याची शिटी कधी होत नाही, आणि गॅस बंद करायची सोय नाही.

उभी हयात बर्फाच्या कारखान्यात कॉम्प्रेसरशेजारी गेली. निवृत्त झालो तेव्हा कॉम्प्रेसर तिथेच राहिला, आवाज तेवढा घरी आला. ग्रॅच्युइटीत तो कोणी धरला नव्हता.

आधी संशय फ्रिजवर गेला, मग विहिरीच्या पंपावर. वायरमनने मीटरला कान लावला आणि माझ्याकडे फार मायेने बघितलं. शेजारच्या वहिनींनी लसणीचं तेल घालायला लावलं. आवाज तसाच राहिला, कानाला फोडणीचा वास मात्र लागला.

चिपळूणच्या डॉक्टरांनी तपासणीचा आलेख दाखवला. ४००० हर्ट्‌झपाशी, म्हणजे उंच सुरांपाशी, तो पार कोसळला होता. "आतल्या कानातल्या पेशी झिजल्या, काका. तिथून कमी ऐकू येतं म्हणून मेंदू आपला व्हॉल्यूम वाढवतो, तोच हा सूं. याला गोळी नाही. कानाला मशीन लावा, निजताना रेडिओ बारीक ठेवा, आणि एकटे कुढत बसू नका." धीर द्यायला म्हणून पुढे म्हणाले, "बीथोव्हनलाही होतं हे. १८०१ साली त्याने मित्राला तसं कळवलंय."

"त्याने सिंफनी लिहिल्या," सौ. म्हणाली, "तुम्ही निदान वाण्याची यादी लिहा."

कुढण्याचं मात्र खरं होतं. रात्री दोनला सगळं घर निजलेलं, आणि कानातल्या सुरावर नको नको ते विचार ताल धरायचे. ताप असला तर थर्मामीटर दाखवता येतो, हे कोणाला दाखवणार? नातवाच्या फोनवर "काय? काय?" करून शेवटी "बरं बरं" म्हणत फोन ठेवायचा. भजनाला जाणंही सोडलं होतं.

आता मशीन आहे. उशाशी रेडिओ कुजबुजतो. सौ.चा मिक्सर लागला की मी मुद्दाम स्वयंपाकघरात जाऊन उभा राहतो. तिला वाटतं, मदतीला आलोय.

शिमग्यात ढोल जवळ आले म्हणून कानात बोळे घातले, तर बाहेरचा ढोल उतरला आणि आतला सूं चढला. तशातच पालखीपुढे गाऱ्हाणं सुरू झालं. माझ्या कानाची पीडाही त्यात घातली होती म्हणे. मी "होय महाराजा!" ठणकावून म्हटलं, पण एक वाक्य उशिरा. तोवर गाऱ्हाणं सरपंचांच्या हरवलेल्या रेड्यापर्यंत पोचलं होतं.